प्यादं का सरकवलं नाहीस?

३ मार्च

दादा,

पत्रात चालीखेरीज एक अक्षर लिहायचं नाही, हा आपला करार. तो आज मी मोडते आहे. काय दंड लावायचा तो लाव, पण आधी एका प्रश्नाचं उत्तर दे. तू प्यादं का सरकवलं नाहीस?

कोणतं प्यादं, असं विचारून वेड पांघरू नकोस. पटावर तुझी दोनच उरली आहेत. त्यातलं कडेचं एक घर पुढे गेलं असतं तर माझा राजा कोपऱ्यात सापडला असता आणि मी फार तर चार चाली तडफडले असते. मला आधी वाटलं, माझ्याच नजरेतून काहीतरी सुटतंय. म्हणून पट फिरवून तुझ्या बाजूने बसले. तुझ्या बाजूने तर ते आणखी ढळढळीत दिसतं. आणि तू काय केलंस? हत्ती एक घर बाजूला घेतलास. मी राजा हलवला, कारण हलवण्यासारखं दुसरं काही माझ्याकडे नाहीच. त्यावर तुझं कार्ड आलं, हत्ती परत जागेवर. म्हणजे टपालखात्याला आपण विनाकारण धावायला लावलं आणि पट होता तसाच राहिला.

तू माझ्याहून चांगला खेळतोस हे मी मेले तरी कबूल करणार नाही. पण वाईटही खेळत नाहीस. इतक्या वर्षांत आपला एकही डाव निकाली लागलेला नाही, तो काय उगाच? त्यामुळे नजरचूक झाली, ही सबब माझ्यापुढे काढू नकोस. मी दिवसभर सबबीच वाचते. विमा कंपनीत आगीचे आणि पाणी शिरल्याचे दावे तपासणाऱ्या बाईला संशयाचाच पगार मिळतो. गोदाम जळालं की सगळे विचारतात आग कशी लागली. मी विचारते, मालकाने आदल्या आठवड्यात तिथून काय काय हलवलं?

तसंच इथे विचारते. तू जिंकला असतास तर काय झालं असतं? करारातलं दुसरं कलम तुझ्याच हातचं आहे. हरेल त्याने जिंकणाऱ्याच्या दारात जायचं आणि आधी बोलायचं. बाबा गेल्यावर आपलं बोलणं बंद झालं, त्यानंतर वर्षभराने तुझं पहिलं कार्ड आलं. त्यावर हे एवढंच लिहिलेलं होतं आणि खाली पहिली चाल. मी लगेच उत्तर दिलं, कारण फोनवर तुझा आवाज ऐकायची माझी तयारी नव्हती, पण तुला हरवायची होती. तुलाही तेच हवं असणार. तेव्हापासून डावामागून डाव बरोबरीत सुटतात आणि ना तू येतोस ना मी येते.

या वेळी तू जिंकला असतास आणि मला यावं लागलं असतं. तेच तुला नको आहे ना? मी येऊन बघू नये असं तुझ्या घरात आहे तरी काय? वहिनींची हरकत असेल तर सरळ तसं लिही. मला वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण ते मी बघून घेईन.

माझी चाल: राजा परत होता तिथे. आता हीच मांडणी पटावर दुसऱ्यांदा आली आहे. तिसऱ्यांदा आली की नियमाप्रमाणे डाव बरोबरीत. हे तुला माहीत आहे आणि तू त्याच वाटेने निघाला आहेस, असा माझा संशय आहे. उत्तर दे.

फौजदार
(नाव तूच ठेवलंस. मी फक्त त्याला जागते.)


१९ मार्च

दादा,

कार्ड मिळालं. हत्ती एक घर बाजूला. बस. माझ्या एवढ्या लांबलचक पत्रावर एवढंच.

दोन दिवसांनी दुसरं कार्ड आलं. तोच हत्ती, तेच घर, तारीख मात्र नवी. एकदा सांगून मला कळत नाही असं वाटतं का तुला? की माझी फिरकी घेतो आहेस? दुसऱ्या कार्डावर पत्ता वहिनींच्या अक्षरात आहे. चाल तुझ्या अक्षरात आहे, पण पाटीवर गिरवल्यासारखी, मोठी मोठी. मी दोन्ही कार्डं खिडकीशी धरून पाहिली. खोट्या सह्या मी लांबून ओळखते आणि ही खोटी नाही. खोटी असती तर मला बरं वाटलं असतं, निदान काय चाललंय ते कळलं असतं.

आता एक वेगळी गोष्ट. माझ्या शेजारच्या टेबलावर एक वयस्क सर्वेक्षक बसतात. गेल्या आठवड्यात ते तुमच्या शहरात एका कागदाच्या दुकानाची पाहणी करून आले. दुरुस्तीसाठी रस्ता खणताना मोठी जलवाहिनी फुटली आणि दुकानात गुडघाभर पाणी. चहा पिताना मला सांगत होते की खणायची खूण पाणीपुरवठ्यातल्या एका जुन्या माणसाने करून दिली होती. खात्यात त्याचं मोठं नाव, नकाशा न उघडता रस्त्यावर खडूने रेघ मारणारा. त्याने रेघ मारली ती भलत्याच रस्त्यावर. लोकांनी विचारलं तर म्हणाला, दुरुस्तीची वाहिनी इथेच आहे, मीच टाकून घेतली आहे. त्यानंतर तो कामावर येत नाही म्हणे. लवकर निवृत्ती घेतली.

तो माझा भाऊ आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मी चहा संपवला आणि कप धुवायला उठले.

तू? तुला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी कोणत्या रस्त्याखाली कोणती वाहिनी जाते ते तू सांगितलं असतंस. तुझ्या हातून रस्ता चुकतो यावर माझा विश्वास नाही. कोणीतरी चूक केली आणि तू आपल्या अंगावर घेतलीस, किंवा कोणीतरी तुला घ्यायला लावली. कुठेतरी पाणी मुरतंय, आणि हे वाक्य मी तुझ्या खात्याबद्दल लिहिते आहे म्हणून हसू नकोस. म्हणूनच का मला दारात यायला नको? घरी बसला आहेस हे मला दिसू नये म्हणून?

लपवण्यात तुझा हात धरणारं कोणी नाही. बाबांना साधा खोकला आहे, काळजी करू नकोस, तुझी परीक्षा होऊ दे, असं तू मला फोनवर दर रविवारी सांगत होतास. मागे त्यांच्या श्वासाचा आवाज यायचा, तर म्हणायचास, पंखा आहे. मी पोचले तेव्हा त्यांची गादी गुंडाळून भिंतीशी उभी होती. तू म्हणालास, तुला त्रास नको म्हणून कळवलं नाही. माझा त्रास माझा होता, दादा. तो तू मला विचारल्याशिवाय ठेवून घेतलास. हे मी त्या दिवशी बोलले ते शेवटचं, आणि आज लिहिताना एक शब्दही बदलावासा वाटत नाही.

तेव्हा या वेळी तरी खरं सांग. नोकरीत काही भानगड झाली असेल तर मला अशा भानगडींची कागदपत्रं तुझ्यापेक्षा चांगली वाचता येतात.

माझी चाल: राजा एक घर पुढे. दुसरं काय करणार?

फौजदार


७ एप्रिल

दादा,

आज तुझं कार्ड आलं आणि मी ते कामावर न वाचता घरी आणलं याबद्दल मी स्वतःचे आभार मानते.

"हत्ती परत जागेवर. ही चाल बाबांना दाखव. त्यांना आवडेल."

हे तू लिहिलंस? मी तुला गादीचं लिहिलं, श्वासाचं लिहिलं, आणि त्यावर तुला हे सुचलं? तू हट्टी आहेस, आतल्या गाठीचा आहेस, हे मी चारचौघांत सांगितलं आहे. पण तू दुष्ट आहेस असं मी आजवर मनातसुद्धा म्हटलेलं नाही.

मी कार्ड फाडायला घेतलं आणि फाडलं नाही. सवय. पुरावा फाडायचा नसतो.

मग पुन्हा वाचलं. तेच मोठं अक्षर. 'आवडेल'मधला 'ड' दोनदा गिरवलेला. डिवचायला लिहिणारा माणूस 'ड' गिरवत बसतो का? मला कळत नाही. जे कळत नाही त्याचा मला राग येतो, आणि आज राग कशाचा आहे हेही धड कळत नाही.

पुढची माझी चाल सरळ आहे. राजा मागे घेतला की मांडणी तिसऱ्यांदा येते आणि डाव बरोबरीत सुटतो. तुला तेच हवं आहे. मी चाल पाठवत नाही. तू तिकडे बस आणि वाट बघ.


१६ एप्रिल

वहिनी,

तुम्हाला मी पहिल्यांदाच लिहिते आहे, तेव्हा ख्यालीखुशाली विचारायला हवी. पण तुम्हाला मी ओळखते आणि तुम्ही मला, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

दादाच्या कार्डांवर पत्ता तुम्ही लिहिता. का? पत्ता त्याला पाठ आहे.

एकच चाल दोन दोन कार्डांवर येते. टपालात तुम्ही टाकता ना? तुमच्या लक्षात आलं नाही, की आलं आणि तरी टाकलीत?

आणि शेवटच्या कार्डावर बाबांबद्दल जे लिहिलं आहे ते तुम्ही वाचलं होतं का? वाचून पाठवलं असेल तर तुम्ही दोघं मिळून मला काय सांगू पाहता?

मला तुमच्यावरही संशय आहे, हे लपवत नाही. तो हल्ली कोणाला भेटत नाही, असं कानावर आलं आहे. त्याला तुम्ही कोंडून ठेवलं आहे की तो स्वतः बसला आहे? कोणी येतं का घरी? निवृत्तीच्या कागदावर सही त्याने समजून केली का?

पत्र लिहायला नको वाटत असेल तर फोन करा. नंबर बदललेला नाही. तुमचा फोन मी उचलेन.


२९ एप्रिल

वहिनी,

काल फोनवर मी नीट बोलले नाही. मधेच ठेवून दिला त्याबद्दल क्षमा करा. तुमच्या घरी बहुधा तो झोपला होता, म्हणून तुम्ही हळू बोलत होतात, आणि मला मात्र ओरडावंसं वाटत होतं.

कोणी काही सांगितलं की ते लगेच लिहून काढायची मला कामामुळे सवय आहे. नाहीतर मन त्यात आपल्या सोयीचे बदल करतं. तेव्हा तुम्ही सांगितलंत ते लिहिते, चुकलं असेल तर कळवा.

दादाला विसर पडतो. म्हाताऱ्या माणसाला पडतो तसा नाही, आजार आहे, डॉक्टरांनी नाव सांगितलं आहे. वर्षाहून जास्त झालं. त्या रस्त्यावरची खूण त्यानेच चुकीची मारली, कोणी काही त्याच्या अंगावर टाकलेलं नाही. सकाळी तो बराचसा पूर्वीसारखा असतो. दुपार कलली की वेळा मिसळतात. पट खिडकीशी मांडलेला असतो. तो येऊन बसतो, हत्ती बघतो, त्याला वाटतं हत्ती चुकीच्या घरात आहे. हलवतो, कार्ड लिहितो. पुढच्या खेपेला येतो तेव्हा आपण हलवलाय हेच आठवत नसतं, पुन्हा वाटतं हत्ती चुकीच्या घरात आहे. कधी एकच चाल लिहून झाल्यावर पुन्हा लिहायला बसतो. तुम्ही थांबवलंत तर चिडतो, म्हणून तुम्ही पत्ता लिहून सगळी टाकता.

मी त्यात डावपेच शोधत होते.

पण एक गोष्ट मी तुम्हाला दोनदा विचारून घेतली, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. हत्तीच्या या येरझारा सुरू होण्याआधी, एका चांगल्या सकाळी, त्याने प्याद्याची चाल लिहिली होती. ते कार्ड तुमच्या हातात दिलं, तुम्ही चपला घातल्या, आणि त्याने ते परत मागून घेतलं. तुम्ही कारण विचारलंत. तो म्हणाला, "ही चाल गेली तर ती हरेल. हरली की येईल, आणि मला असं बघेल." मग नवीन कार्डावर हत्तीची चाल लिहिली. म्हणजे पहिला हत्ती त्याने समजून उमजून हलवला होता. माझा संशय खरा होता. मी येऊ नये असंच त्याला वाटत होतं. माझं खरं ठरल्याचा मला एवढा राग कधी आला नव्हता.

आणि तुमच्याकडून शपथ घेतली, तिला कळवू नकोस, तिला उगाच त्रास. या माणसाला दुसरं वाक्यच येत नाही.

आता बाबांचं. तुम्ही म्हणालात, "सुरुवातीला हे, बाबा कुठेत, असं विचारायचे तेव्हा मी खरं सांगायची. पण ते दर वेळी नव्याने ऐकायचे हो. आणि रडू थांबलं की पहिला प्रश्न एकच, तिला कळवलंत का? आधी तिला बोलवा, मग बाकीचं." रोज बाबांना असं नव्याने मारायचं तुम्हाला जमेना, म्हणून बाबा धाकटीकडे राहायला गेलेत, असं सांगता. त्यावर तो शांत होतो. म्हणून ते कार्ड.

तिला आधी बोलवा. हे ऐकून मी फोन ठेवला.

त्या वेळी त्याने जे केलं ते मला अजूनही पटत नाही, वहिनी. कधी पटेलसं वाटत नाही. आज तुम्ही मला तेच करायला सांगता आहात. माझ्या भावाला त्याचे वडील गेल्याचं सांगू नका म्हणता. मी उत्तर द्यायला बसले की 'नाही' लिहिते आणि खोडते. कारण खरं सांगितलं तर ते माझ्यासाठी असेल, त्याच्यासाठी नसेल. आणि संध्याकाळपर्यंत तेही उरणार नाही, फक्त त्याचं रडणं तुमच्याकडे उरेल.

माझ्या पहिल्या पत्रातलं 'फौजदार' वाचून तो हसला, आणि तुम्हाला म्हणाला हिला कोणी चिडवलं ते बघा, हे तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत.

रजेचा अर्ज दिला आहे. त्याला मी वेगळं लिहिते. सकाळी वाचून दाखवा.


६ मे

दादा,

मी तुझी धाकटी बहीण. विमा कंपनीत काम करते आणि सगळ्यांवर संशय घेते, म्हणून तू मला फौजदार म्हणतोस.

माझी चाल: राजा परत जागेवर. हीच मांडणी आता तिसऱ्यांदा आली, तेव्हा डाव बरोबरीत सुटला. हा नियम आहे, यात तू मला काही दिलं नाहीस आणि मीही तुला नाही. मी हार लिहून पाठवणार होते. मग वाटलं, नेमकं त्या दिवशी तुझं डोकं लख्ख चालत असलं तर तू ते ओळखशील आणि मला घरात घेणार नाहीस. या डावात तुझी बाजू माझ्याहून चांगली होती, एवढं मात्र लिहून देते. पुन्हा मागू नकोस.

तू चाल बाबांना दाखवायला सांगितली होतीस. दाखवली. बराच वेळ पटाकडे बघत होते. म्हणाले, हत्ती ठीक आहे, पण प्यादं का नाही सरकवलं त्याने? मी म्हटलं, मी दोन महिने हेच विचारते आहे.

वहिनींवर रागावू नकोस. मी त्यांना भंडावून सोडलं, माझं कामच ते आहे. तुला विसर पडतो हे मला माहीत आहे, आणि मला त्याचा फार त्रास होतो आहे. होऊ दे. तो माझ्याकडेच असू दे.

आता कराराबद्दल. हरेल त्याने जायचं, असं त्यात आहे. बरोबरी झाली तर कोणी जायचं याबद्दल एक अक्षरही नाही. इतकी वर्षं आपण दोघांनी ते 'कोणीच नाही' असं वाचलं. असल्या गाळलेल्या कलमांवरून मी लोकांशी रोज भांडते आणि आपल्याच कराराकडे कधी नीट बघितलं नाही. तर मी ते आता असं वाचते की बरोबरी झाल्यावर ज्याला यावंसं वाटेल त्याने यावं.

शनिवारी पहाटेच्या गाडीने निघते, म्हणजे सकाळीच पोचेन. पट मांडून ठेव, पांढऱ्या सोंगट्या माझ्या. एकाच हत्तीने तू कितीही वेळा येरझारा घातल्यास तरी मी समोर बसलेली असेन. काही आठवलं नाही तर विचार, परत विचारावंसं वाटलं तर परत विचार.

बाबांना एवढा प्रवास झेपायचा नाही. मी एकटीच येते.

तुझी
फौजदार